गुरुवार ते सोमवार

वाशीमच्या आमच्या ऑफिसात एका मुलीची नोकरी गेली, आणि ती मी घालवली. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला सोयीचं काहीतरी शोधत बसेन.

मी एका वित्तीय कंपनीत डेटा इंजिनिअरिंगची टीम सांभाळतो. कंपनी बचत योजना, विमा, सोनेतारण असं बरंच काही विकते. शाखाशाखांतून दिवसभर माहिती येत असते. ती गोळा करायची, निवडायची, एकाच माणसाच्या चार ठिकाणी झालेल्या नोंदी जुळवून एक करायच्या आणि सकाळी नऊच्या आत सगळं नीट तक्त्यांत लावून ठेवायचं, हे आमचं काम. माझे वडील वाशीमच्या बाजार समितीत चाळणीवर होते. त्यांना मी हे एकदा समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तू बी चायनीवरच हायेस. फक्त बसून." त्यांना फार आनंद झाला होता. मलाही झाला होता.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो, अकरा वर्षं तिथे काढली. कंपनीने लहान गावांत छोटी ऑफिसं काढायचं ठरवलं तेव्हा पुण्यातल्या आमच्या वरिष्ठ मॅडमच्या मागे लागून लागून मी त्यातलं एक वाशीमला आणलं. स्टेशन रोडला हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल, आठ टेबलं, मागे माझी छोटी खोली, एक इन्व्हर्टर. माणसं जिल्ह्यातलीच घ्यायची हा माझा हट्ट होता. इंजिनिअरिंग करून घरी बसलेली मुलं गावोगाव होती. मी ज्या उंबरठ्यावरून उठून आलो त्याच उंबरठ्यावर ती बसलेली होती. त्यांचं भलं करावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि आजही मी ते खोटं होतं असं म्हणणार नाही.

ती मुलगी वाशीमजवळच्या अनसिंगच्या अलीकडच्या एका वाडीतली. घरची विहीर, दोन एकर बागायत. वांगी, मेथी, सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. वडील रोज पहाटे मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी गोण्या बांधून वाशीमच्या बाजारात माल आणत. मुलाखतीला मी सगळ्यांना एकच कागद देत असे. त्यावर पंचवीस नावं, पत्ते, जन्मतारखा गोंधळाने लिहिलेल्या असत आणि यात खरी माणसं किती, एवढाच प्रश्न असे. बाकीच्यांनी लगेच मोजायला सुरुवात केली. तिने कागद पाहिला आणि विचारलं, "सर, हे लोक गावचे हायेत का शहरातले?"

"का बरं?"

"गावचे असतील तर जन्मतारखेवर भरवसा नाई ठेवता येत. माह्या मायची, बापाची, दोन्ही मोठ्या मायची, सगळ्यायची एकच तारीख हाये."

माझीही तीच आहे. एक जून. शाळेत नाव घालायला कोणी आलं की आमच्याकडचे गुरुजी तारीख विचारत बसत नसत. शाळा सुरू व्हायच्या वेळचा जून धरायचा, वर्ष अंदाजाने टाकायचं. पुण्यात हे कोणाला समजावून सांगताना माझी जीभ अडखळायची. तिने ते असं सांगितलं की जणू पुण्यातल्याच लोकांचं काहीतरी चुकलेलं आहे. मी तिला घेतलं.

पहिल्या आठवड्यात तिचे वडील ऑफिस पाहायला आले. जिन्याखाली चपला काढत होते, मी वरून सांगितलं की तशाच घालून या, तरी त्यांनी काढल्याच. हातात सांभाराची एक जुडी होती. ती टेबलावर कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, मग त्यांनी ती मांडीवरच ठेवली.

"रातपाळी त नाई ना जी?"

"नाही. सकाळी आठ ते पाच. शेवटच्या एसटीच्या आधी घरी."

"मंग बरं हाये." मग जुडी सावरत म्हणाले, "सर, तुमाले एक सांगतो. घरचे लोक लय मागं लागले. भाऊ म्हनतात, चोवीसची झाली, पाहून टाक. म्या सांगतलं, नोकरी हाये. नोकरी हाये तवरक माह्या पोरीले इचारल्याशिवाय कोनी पाहुना घरी येनार नाई. पन नोकरी गेली, तर मंग माह्याच्यानं बी थांबवनं होनार नाई. तेवढं लक्ष असू द्या."

मी म्हणालो, "काळजी करू नका, ती माझी जबाबदारी."

म्हणजे मला माहीत होतं. त्या नोकरीला काय काय टांगलेलं आहे, हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

आता सोमवारचं सांगतो.

आमच्या शाळेत चौथीला जे गुरुजी होते, ते उत्तर न आलेल्याला स्वतः मारत नसत. ज्याला उत्तर आलं त्याने उरलेल्यांच्या थोबाडीत मारायची. मारणाऱ्याने हात आखडता घेतला तर गुरुजी त्यालाच एक देऊन दाखवायचे की अशी मारायची असते. मला उत्तरं यायची. माझा चुलतभाऊ माझ्याच वर्गात होता, त्याला येत नसत. वर्षभर मी त्याला मारलं, आणि गुरुजींच्या समाधानासाठी जोरात मारलं. सहावीनंतर तो शाळेत आला नाही. आता वाशीमला ऑटो चालवतो, मला स्टेशनवर सोडतो आणि पैसे घेत नाही. त्या गुरुजींमुळे मी घडलो, हे मी चार सत्कारांत माइकसमोर सांगितलेलं आहे. मला ते तसं वाटतही होतं.

तर ऑफिस सुरू झाल्यावर मी एक पद्धत घातली. भिंतीवर पांढरा फळा. सोमवारी दहाला सगळे जमायचे. आठवड्यात ज्याने दुसऱ्याच्या कामातली चूक पकडली त्याने ती लाल पेनने फळ्यावर लिहायची आणि मोठ्याने वाचायची. ज्याची चूक, त्याने फळ्याशेजारी उभं राहायचं, बैठक संपेपर्यंत. शेवटी "चूक माझी" म्हणायचं आणि जागेवर जायचं. थोबाडीत वगैरे काही नाही. आम्ही शिकलेली माणसं होतो. टीममध्ये त्याला 'फळ्यावर जाणं' म्हणू लागले.

पद्धत चालली. पहिल्या दोन महिन्यांत फळा भरून जायचा, मग हळूहळू कमी होत गेला. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, तुमच्या ऑफिसातून तक्रारीच येत नाहीत, कसं काय करता? मी त्यांना फळ्याचं सांगितलं नाही. शिस्त आहे, एवढंच म्हणालो. फळ्यावर येणाऱ्या चुकाही लहान लहान होत गेल्या. कोणाची फाइल दहा मिनिटं उशिरा आली, कोणी रकान्याचं नाव चुकीचं लिहिलं. मोठ्या चुका कुठे गेल्या, हे मी कधी विचारलं नाही. त्या होतच नाहीत असं मी धरून चाललो.

चुका पकडण्यात सगळ्यांत हुशार कारंज्याचा एक मुलगा होता. जिभेचा तिखट आणि कामाला वाघ. त्या मुलीला तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा फळ्यावर नेलं ते त्यानेच. तिने कारंजा शाखेची एका दिवसाची फाइल चुकून दोनदा चढवली होती. त्याने फळ्यावर लिहिलं आणि वाचलं, "एका दिवसात कारंज्याची वस्ती दुप्पट. अभिनंदन! म्हनूनच काल एवढी गर्दी होती. मले घरी जायले बायपासवरून जा लागलं."

सगळे हसले. ती उभी होती. तिचे डोळे भरून आले तसा तो म्हणाला, "रडू नको व, फळा वला होईन. मले अजून खाली एक चूक लेहाची हाये."

मीही हसलो. हसण्याने वातावरण मोकळं राहतं, असं माझं मत होतं.

बैठक संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. "सर, चूक बसून सांगतली तर नाई चालत का?"

"उभं राहिलं की लक्षात राहतं."

"मले बसूनबी लक्षात राह्यते."

"हे तुझ्या भल्याचं आहे," मी म्हणालो. ऑफिसात मी जरा पुस्तकी बोलायचो, पुण्याची सवय. "मी तुझ्या जागेवर होतो तेव्हा मला कोणी एवढंही शिकवलं नाही."

ती बरं म्हणाली आणि गेली. त्या दिवशी घरी जेवताना मी बायकोला सांगितलं, अनसिंगकडची मुलगी चांगली तयार होते आहे.

ती खरोखर तयार होत होती. एका माणसाच्या नोंदी जुळवण्याचं काम मी तिच्याकडे दिलं. पुण्याचा नियम असा होता की पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर तिन्ही सारखे असले तर तो एकच माणूस. शहरात हे बरोबर आहे. आमच्याकडे अख्ख्या गावाचं एक आडनाव, बायकांची तीच आठ-दहा नावं, नवऱ्यांचीही तीच, तारीख सगळ्यांची एक जून, आणि बचत गटातल्या सगळ्या बायांच्या फॉर्मवर गटाच्या अध्यक्षीणबाईंचा एकच मोबाइल. तिने पुण्याच्या बैठकीत हे मांडलं आणि एक अपवादाचा नियम लिहिला. तारीख एक जून असेल तर आपोआप जुळणी करायची नाही, यादी वेगळी काढून माणसाने तपासायची. मॅडम खूश झाल्या. "हे आम्हाला सुचलंच नसतं," म्हणाल्या. मी म्हणालो, "आमच्या टीमने केलं." ती माझ्या शेजारीच बसली होती.

चूक झाली ती याच नियमात.

एका शाखेची फाइल वेगळ्या पद्धतीने भरलेली यायची, त्यात महिना आधी आणि दिवस नंतर. त्यामुळे त्या फाइलीतला एक जून आमच्याकडे सहा जानेवारी म्हणून वाचला गेला आणि अपवादातून निसटला. एका गटातल्या एकाच नावाच्या दोन बाया एक होऊन बसल्या. त्यातली एक मागच्या महिन्यात वारली होती. तिच्या घरच्यांनी विम्याची कागदपत्रं दिली, नोंद झाली, आणि दुसरी, जिवंत असलेली बाईही आमच्या तक्त्यात मयत झाली. तिचा आरोग्य विमा बंद झाला.

गुरुवारी दुपारी त्या मुलीला हे दिसलं. दुसरंच काहीतरी तपासताना दिसलं. त्या दोघी बायांच्या नोंदी तिने उघडून पाहिल्या, तारखेचा घोळ ओळखला आणि तासाभरात नियम दुरुस्त केला. पण एकदा एक झालेल्या नोंदी हाताने वेगळ्या करायला माझी परवानगी लागायची. त्यासाठी मला सांगावं लागलं असतं. दर रविवारी सगळी जुळणी पहिल्यापासून पुन्हा चालते. दुरुस्त नियमाने त्या दोघी रविवारी आपोआप वेगळ्या झाल्या असत्या. तीनच दिवसांचा प्रश्न होता. तेवढ्यात त्या बाईला विम्याचं काय काम पडणार आहे, असा तिने विचार केला. तिने मला सांगितलं नाही.

शनिवारी त्या बाईचं अकोल्याला पोटाचं ऑपरेशन ठरलेलं होतं.

दवाखान्याच्या खिडकीवर कार्ड चालेना. आत बसलेल्या माणसाने संगणकात पाहून तिच्या मुलाला सांगितलं की या मयत दाखवतायत. मुलगा आमच्या शाखेत फोनवर ओरडत होता ते शाखेतल्या बाईंनी मला नंतर जसंच्या तसं सांगितलं, "माय बाकड्यावर बसून हाये माह्यासमोर. पोट धरून बसली. तुमी म्हनता मेली! मंग मी काय करू आता, तुमी म्हनता तसं करू का?"

आम्हाला फोन दुपारी आला. कारंज्याचा मुलगा त्या दिवशी कामावर होता. मी घरून परवानगी दिली, त्याने दोन तासांत नोंदी वेगळ्या केल्या, पण तोवर त्या दिवसाची ऑपरेशनं संपली होती. ते सोमवारी झालं. दोन दिवस बाईने दुखणं काढलं. बाई बरी झाली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्या दिवसांत मीही स्वतःला हेच सांगत होतो, आणि त्यातूनच रागवायचा हक्क मिळवत होतो. बाई वाचली, पण वाचली नसती तर?

सोमवारी सकाळी मी ऑफिसात आलो तर कारंज्याचा मुलगा जिन्यातच उभा होता. कोणी कधी काय उघडलं, काय बदललं याची नोंद आमच्याकडे राहते. ती त्याने पाहिली होती.

"सर, हिनं गुरुवारीच पाह्यलतं. दोन्ही बायायच्या नोंदी उघडल्या, नियम बी बदलला. अन् बोलली नाई."

"नक्की?"

"नक्की." मग तो थोडा घुटमळला. "सर, हे फळ्यावर नका घेऊ. मजा करायची गोष्ट नाई हे. तुमी तिले आत बोलावून बोला."

एवढा तिखट जिभेचा मुलगा, तो मला विनवत होता. मी म्हणालो, "मोठी चूक आहे म्हणून फळ्यावर नको? मग लहान चुकांना का घेतो आपण? वाच तू."

"मले नाई वाचनं होत, सर."

"मग मी वाचतो."

मी स्वतः लाल पेन घेतलं. लिहिलं, गुरुवार. त्याखाली शनिवार. त्याखाली त्या बाईचं वय. मग तिला उभं राहायला सांगितलं. ती मी सांगायच्या आधीच उठलेली होती. मी पंधरा-वीस मिनिटं बोललो असेन. आवाज चढवला नाही. त्या बाईच्या मुलाचं बोलणं सांगितलं, बाकड्याचं सांगितलं. म्हणालो, आपण खेड्यातून आलो म्हणून खेड्यातल्या माणसाला कोणी हलकं लेखू नये, यासाठी तुला घेतलं, आणि तू तुझ्याच मायसारख्या बाईला तीन दिवस मेलेली ठेवलीस. हे वाक्य मी जिन्यातून वर येतानाच तयार करून ठेवलं होतं. ते नीट लागलेलं मला दिसलं.

कोणी हसलं नाही. कोणी वर पाहिलं नाही.

मी विचारलं, "का नाही सांगितलं?"

तिने फळ्यावरच्या 'गुरुवार'कडे पाहिलं. मग म्हणाली, "सोमवारचं भेव वाटलं, सर."

आठ टेबलांच्या त्या हॉलमध्ये हे सगळ्यांनी ऐकलं. मला वाटतं, त्या क्षणी सगळ्यांना सगळं कळलं होतं. मलाही कळलं. आणि कळलं म्हणूनच मी म्हणालो, "भीती तुला वाटली. दुखणं त्या बाईने काढलं. बोल."

"चूक माझी," ती म्हणाली.

"मोठ्याने."

"चूक माझी."

बैठक संपेपर्यंत ती उभी राहिली. त्या दिवशी मी बैठक लांबवली. पुढच्या आठवड्याची कामं वाटायची होती, ती एकेक करून वाटली. सगळ्यांना दिली. तिला दिली नाहीत.

झाला प्रकार मी कळवला होता, दुपारी मॅडमचा पुण्याहून फोन आला. त्या रागावल्या असतील असं धरून मी तयारी केली होती. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "चूक होते. तारखेच्या घोळात आम्हीही पडलोय. मला एकच कळत नाही. तिने गुरुवारी ओळखलं, दुरुस्तही केलं, एवढी हुशार मुलगी. मग तुला सांगितलं का नाही? तुला सांगता येऊ नये असं काही आहे का तिथे?"

"नाही मॅडम. आमच्याकडे सगळं उघड असतं. दर सोमवारी सगळ्यांसमोर बोलतो आम्ही."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

"बरं. मग निर्णय तुझा. लेखी ताकीद दिलीस तरी माझ्या बाजूने पुरे आहे. पण कारण लिहून पाठव. माझ्या वरती विचारतील."

फोन ठेवल्यावर मी ते कारण लिहायला बसलो. ताकीद द्यायची तर ती इथे राहणार, आणि ती इथे राहिली तर आज ना उद्या कोणीतरी पुण्याहून येऊन तिला विचारणार, का नाही सांगितलंस? ती उत्तर देणार. ती खोटं बोलणारी नव्हती. मग फळ्याचं विचारलं जाणार, आणि मग माझं. कदाचित ऑफिसचंही. हे ऑफिस गेलं तर सात मुलं घरी बसतील, असा हिशोबही मी मांडला. तो हिशोब मांडताना मला फार बरं वाटलं. कारण आता मी हे सात जणांसाठी करत होतो. मी लिहिलं, 'वारंवार सूचना देऊनही माहिती जाणीवपूर्वक दडवली. विश्वास उरलेला नाही.'

दुसऱ्या दिवशी तिला आत बोलावलं. म्हणालो, काढून टाकण्यापेक्षा तू स्वतः राजीनामा दे, कागद स्वच्छ राहील, पुढे त्रास होणार नाही. माझ्या मते मी तिच्यावर उपकार करत होतो.

"सर, एक महिना ठेवा. बिनपगारी ठेवा. घरी सांगाले थोडा टाइम भेटन."

"तसं नियमात बसत नाही."

"मंग ताकीद द्या ना लेखी. कारंज्याचा म्हने, मॅडम ताकीदीले तयार हायेत."

हे तिला कसं कळलं याचा मला राग आला. "तुला माझ्यावर विश्वास नाही का?" मी विचारलं. हा प्रश्न मी तिला विचारला, हे आज लिहिताना हात थांबतो. तिने कागद मागितला आणि तिथेच उभ्याने राजीनामा लिहिला. खुर्ची समोर होती. मी बस म्हणालो नाही, ती बसली नाही. शेवटच्या ओळीत तिने मला संधी दिल्याबद्दल आभार मानले होते. नमुना मीच दिला होता, त्यात ती ओळ होती.

लॅपटॉप परत केला, चार्जर परत केला, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. कारंज्याचा मुलगा तिला एसटी स्टँडवर सोडायला गेला तो दुपारभर आला नाही. मी त्याला काही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी नागपूरच्या एका कंपनीतून फोन आला. तिने तिथे मुलाखत दिली होती, पास झाली होती. आता फक्त जुन्या ऑफिसात विचारपूस करायची राहिली होती. फोनवरची मुलगी घाईत होती. तिने चार प्रश्न विचारले. काम कसं? चांगलं. वेळेवर येत होती? येत होती. सोडण्याचं कारण? वैयक्तिक. आणि पुन्हा संधी आली तर तुम्ही त्यांना घ्याल का?

मी हो म्हणू शकलो असतो. कोणी तपासायला येणार नव्हतं. पण पुण्याच्या कागदावर मी विश्वास उरलेला नाही असं लिहिलं होतं, आणि इथे हो म्हणालो तर त्या दोन्हींतलं एक खोटं ठरलं असतं. मी म्हणालो, "काम उत्तम आहे. पण चूक झाली तर सांगतीलच, असं नाही."

"म्हणजे नाही लिहू?"

"लिहा."

"थँक यू सर," ती म्हणाली.

त्यानंतर फळा मी काढला नाही. कोणी काढा असं म्हणालंही नाही. त्यावर आता फारसं काही लिहिलं जात नाही, आणि न लिहिलेलं काय आहे याची मला आता कल्पना आहे. कारंज्याचा मुलगा सोडून गेला. जाताना त्याने हात मिळवला आणि म्हणाला, "सर, तुमी मानूस चांगले हा. तेच त लय वांधा हाये." मी ते विनोद म्हणून घेतलं.

मार्च संपता संपता तिचे वडील आले. ऊन चढलं होतं. जिन्याखाली चपला काढून वर आले, डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसला. मला वाटलं, भांडायला आले. मी मनातल्या मनात त्या अकोल्याच्या दवाखान्यातल्या बाईला पुढे केलं. त्यांनी पिशवीतून लग्नपत्रिका काढली, वर हळद लावलेल्या अक्षता ठेवल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"तुमाले याच लागते, सर. ऑफिसातल्या सगळ्यायले घेऊन या."

मी पत्रिका घेतली. मुलगा कुठला, काय करतो, ते विचारलं. मंगरूळकडचा, म्हणाले. घरची शेती, एक ट्रॅक्टर. लोक बरे आहेत.

"ती काय म्हणते?"

ते जरा हसले. "ते काय म्हनन? इचारलं मी. म्हने, तुमी पाहा. पह्यले कशी म्हने, मी पाहीन." मग रुमालाची घडी घालत म्हणाले, "म्या थांबवलं होतं जी, लय थांबवलं. नागपूरची एक नोकरी लागतच आलती. पोरगी म्हने, पास झाली बाबा, आता आठ दिवसांत कागद येते. मी भावायले सांगून ठुलं, कागद येऊ द्या. आठाचे पंधरा झाले. मंग त्यायनं काही कळवलंच नाई. काय झालं असन, सर? तुमाले समजते या लायनीतलं."

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. मोठ्या कंपन्यांचं काही सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दाला ते मान देत होते. "तेच म्हनो मी," ते म्हणाले, "पोरीत त काही कमी नाई."